‘गेट’साठी मेहुणा

इंग्रजी भाषा ‘गेट’ या एकाच क्रियापदाच्या खांद्यावर उभी आहे. ते काढून घेतलं तर ती बोलणारी माणसं सकाळी उठू शकणार नाहीत, बसमध्ये चढू शकणार नाहीत, आजारी पडू शकणार नाहीत आणि पडलीच तर बरी होऊ शकणार नाहीत, असं सरांचं ठाम मत होतं. त्याआधीच्या पंधरवड्यात हेच मत त्यांचं ‘पुट’बद्दल होतं, आणि तेव्हाही ते इतकंच ठाम होतं.

सर संध्याकाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. विद्यार्थी दिवसभर राबून यायचे आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत क्रमाने पेंगायचे. त्यामुळे सरांचं खरं शिकवणं चालायचं ते रविवारच्या पुरवणीत, ‘रविवारचं इंग्रजी’ या सदरात. शब्दकोड्याच्या डावीकडे, डाग काढण्याच्या उपायांच्या उजवीकडे. वर सरांचा फोटो होता. फोटोतल्या सरांना केस होते.

सदर लिहिण्याचा सरांचा एक नियम होता आणि तो ते प्राण गेला तरी मोडत नसत. उदाहरणाचं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. लहानपणी त्यांना ‘मांजर भिंतीवर बसलं आहे’ हे वाक्य घोटून घोटून शिकवलं गेलं होतं, आणि वर्गाच्या खिडकीतून भिंत स्वच्छ दिसत होती. मांजर नव्हतं. जो माणूस खोट्या वाक्यावर भाषा शिकतो तो भाषेआधी थाप मारायला शिकतो, असं सर म्हणत. म्हणून ‘पुट’च्या सदरात त्यांनी लिहिलं होतं: मी चष्मा टेबलावर ठेवतो. माझी पत्नी चष्मा कपाटात ठेवते. मग मी चष्मा शोधतो. तिसऱ्या वाक्यात ‘पुट’ नव्हतं, पण ते खरं होतं म्हणून राहू दिलं.

या सदरानंतर पुरवणीच्या बाईंचा फोन आला. पुरवणी त्या एकट्याच काढत, आणि आडवळणाने बोलायला त्यांना वेळ नसे.

“सर, खरं सांगू का? तुमचं सदर वाचणारी दोनच माणसं आहेत. त्यातली एक मी, आणि मला त्याचा पगार मिळतो.”

“आणि दुसरं कोण?”

“दुसरे तुम्ही. मालकांच्या मुलाला पान आवळायचंय. शब्दकोडं काढता येत नाही, लोक मारामाऱ्या करतील. डागांचं काढता येत नाही, ते मालकीणबाई वाचतात. उरलात तुम्ही. आता पुढचं कुठलं आहे?”

“‘गेट’.”

“होऊ दे ‘गेट’. मग बघू.”

‘मग बघू’ या दोन शब्दांचा अर्थ सांगायला सरांना शब्दकोश लागला नाही. कॉलेजात त्यांचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं, घरात कुणी मनावर घेत नव्हतं. आठवड्यातून एकदा तेवढं ते छापून येत होतं. सदर गेलं तर सर म्हणजे चष्मा शोधणारा एक गृहस्थ, एवढंच उरणार होतं.

अशा वेळी माणूस आपल्या खोलीत जातो, दार लावतो आणि विचार करतो. सरांना खोली होती, पण खोलीत मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे सरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेला, अंगाने आडवा, आणि बहिणीच्या तोंडी अजून ‘सोन्या’. एका मुलाखतीसाठी म्हणून चार दिवस आला होता. मुलाखत झाली, ते कळवतो म्हणाले, आणि ते कळवेपर्यंत इथेच थांबणं शहाणपणाचं, असं मेहुण्याने ठरवलं. त्यानंतर ऋतू बदलला. सरांच्या खोलीतल्या सोफ्यावर तो झोपायचा. सोफा आखूड पडायचा, म्हणून पाय सोफ्याच्या हातावरून पलीकडे जाऊन पुस्तकांच्या फळीवर टेकायचे. उजव्या पायाचा अंगठा नेमका मोठ्या शब्दकोशावर. सरांना शब्द बघायचा असला की आधी अंगठा उचलून बाजूला ठेवावा लागे. मेहुण्याची झोप त्याने मोडत नसे.

म्हणून सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटाट्याच्या सालांशेजारी लिहायला बसत. बायकोला काही बोलायची सोय नव्हती. ती दुपारपासून दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना नंबर देण्याचं काम करायची; विव्हळणारी माणसं रांगेत बसवणं हा तिचा रोजचा धंदा होता, त्यामुळे घरी एकाच्या विव्हळण्याचं तिला काही वाटत नसे.

‘गेट’ लिहायला सर बसले आणि नियमाप्रमाणे खरी वाक्यं शोधू लागले. घर शांत होतं. आतून घोरणं ऐकू येत होतं. सरांनी कागदावर लिहिलं: ही गेट्स अप ॲट इलेव्हन. तो अकराला उठतो. उठणे या अर्थी. मग लिहिलं: उठल्यावर माझं वर्तमानपत्र त्याला मिळतं. मिळणे या अर्थी. तो उठल्यावर माझी बायको त्याला चहा आणून देते. आणणे या अर्थी. चहा थंड होतो. होणे या अर्थी. थंड झाला की तो निळी चादर ओढून पुन्हा झोपतो. इथे ‘गेट’ नाही, पण खरं आहे. त्याला नोकरी कधी मिळेल? तो कधी हलेल? सरांचा हात थांबेना. एका दमात पान भरलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना लिहिताना घाम आला, आणि हलकं वाटलं.

रविवारी सदर छापून आलं. बायको पुरवणी हातात घेऊन दारात उभी राहिली.

“अहो, हा कोण?”

“कोण?”

“हा अकराला उठणारा.”

“कुणी नाही. उदाहरण आहे ते.”

“मग या उदाहरणाच्या अंगावर माझी निळी चादर कशी?”

सरांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात मेहुणा आतून डोळे चोळत आला, बहिणीच्या खांद्यावरून सदर वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“ताई, चिडतेस काय? खरंच तर आहे. उलट मी साडेअकराला उठतो. भावोजींनी सांभाळून घेतलंय मला.”

नियमाला अर्ध्या तासाचा तडा गेला होता. सर दिवसभर अस्वस्थ होते.

सोमवारी ते दाढीला सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याने आजवर त्यांना हवेशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. आज त्याने गालाला साबण लावता लावता विचारलं, “सर, मेहुणा उठला का?”

“तुम्ही वाचलंत?”

“वाचलं म्हणजे, इथे मोठ्याने वाचलं. काल सगळ्या खुर्च्या थांबल्या होत्या. हे म्हणतात, हाकला त्याला. ते म्हणतात, बायकोचा भाऊ आहे, हाकलणार कसा? माझा साडू असाच येऊन बसला होता सर, मी घर बदललं शेवटी. तर उठला का?”

“मी निघालो तेव्हा नव्हता.”

“नव्हता!” सलूनवाल्याने ही बातमी वस्तरा उंचावून मागच्या बाकावर पोचवली. बाक हळहळलं.

बुधवारी पुरवणीच्या बाईंचा फोन आला. “सर, ‘गेट’ अजून आहे का?”

“म्हणजे झालंय तसं. मुख्य अर्थ सगळे—”

“संपवू नका. लोक कार्यालयात येऊन विचारताहेत. मालकांच्या मुलाने पण विचारलं, बायको काय म्हणाली म्हणून. ‘गेट’ ताणा.”

सरांनी मेहुण्याचा अंगठा उचलला आणि शब्दकोश काढला. ‘गेट’ची बारीक अक्षरातली पानंच्या पानं होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती कमी वाटली. पुढच्या रविवारी ‘गेट’ला अव्ययं लागली: तो बसमध्ये चढतो, दोन थांबे जातो, उतरतो आणि कंटाळून परत येतो. त्याच्या पुढच्या रविवारी पटणे, जमणे, सावरणे. आमचं दोघांचं पटतं, कारण आम्ही एका वेळी जागे नसतो. हे वाक्य सलूनवाल्याने कापून आरशाला चिकटवलं.

आता सरांची वागणूक बदलली. आधी ते सकाळी दारावरून जाताना मुद्दाम खाकरत. आता चपला हातात घेऊन जाऊ लागले. मेहुण्याला दुपारी जाग आली तर स्वतः चहा करून देत आणि समोर वही घेऊन बसत. एकदा तर त्याच्या पायाखाली उशी ठेवली. बायकोने ते पाहिलं आणि सरांच्या कपाळाला हात लावून बघितला.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“उत्तम.”

“सोन्याला कुठलं औषध वगैरे देत नाही आहात ना तुम्ही?”

मेहुणा मात्र खूश होता. रस्त्यात लोक त्याला ओळखू लागले होते. कोपऱ्यावरचा फळवाला म्हणे, “आज लवकर?” आणि तो नम्रपणे म्हणे, “नाही हो, परत चाललोय झोपायला. भावोजींना वाक्य कमी पडतंय.”

घोटाळा झाला तो ‘मिळवणे’ या अर्थामुळे. सरांनी लिहिलं होतं: त्याला नोकरी मिळत नाही, कारण तो झोपण्याखेरीज काही करत नाही. हे छापून आल्यावर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दाराची बेल वाजली. दारात एक गोलमटोल गृहस्थ उभे होते, हातात मोजमापाचा टेप.

“सलूनमधून पत्ता घेतला,” ते म्हणाले. “चौकात माझं गाद्यांचं दुकान आहे. मेहुणे आहेत?”

“झोपलेत.”

“वा! बघता येईल का?”

सरांना हे विचित्र वाटलं, पण वाचकाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी खोलीचं दार ढकललं. गादीवाले चवड्यांवर आत गेले आणि एखादं नवजात मूल बघावं तसे बघत उभे राहिले. आखूड सोफा, मधे पडलेला खड्डा, बाहेर लोंबणारे पाय. त्यांनी वाकून खड्ड्याला टेप लावला आणि मान हलवली.

“यावर झोपतात? रोज?”

“रोज.”

“आणि लागते झोप?”

“ऐकताय ना.”

गादीवाले सरांना बाहेर घेऊन आले. त्यांचे डोळे चमकत होते. “सर, माझ्याकडे विकणारी मुलं आहेत, फार छान बोलतात. कापूस, स्प्रिंगा, पाठीचा कणा, सगळं बोलतात. पण गिऱ्हाईक बोलण्याला बधत नाही हो आता. झोपलेला माणूस बघितला तर त्याला आपोआप जांभई येईल. दुकानाच्या काचेत मला एक झोपणारा हवाय. दिवसातून तीन झोपा. भरचौकात, दिव्यात, लोकांसमोर. आमच्या मुलांना सांगून बघितलं, ती नुसते डोळे मिटून पडतात. पापण्या थरथरतात. गिऱ्हाइकाला कळतं ते.”

सरांच्या डोळ्यांसमोर सदराची रिकामी जागा उभी राहिली. “मी तुम्हाला स्पष्टच सांगतो,” ते म्हणाले, “फार आळशी आहे हो हा.”

“तेच तर!”

“वेळ पाळत नाही.”

“झोपलेल्या माणसाला वेळ कसली?”

“घोरतो.”

“काच जाड आहे.”

इतक्यात मेहुणा उठून आला होता. इतक्या महिन्यांत त्याने कधी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं. “राहायची काही सोय?” त्याने विचारलं.

“दुकानावर माळा आहे. गाद्यांनी भरलाय.”

मेहुण्याने सरांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “भावोजी, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही छापून आणलं नसतंत तर मला कुणी विचारलं असतं का?”

“घाई काय आहे एवढी?” सर कसेबसे म्हणाले. “अजून चार दिवस राहा. नीट विचार कर. असा एकदम निर्णय घेऊ नये.”

स्वयंपाकघरातून बाहेर आलेली बायको अवाक होऊन सरांकडे बघत राहिली. ऋतू बदलल्यापासून जे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते ते नवऱ्याच्या तोंडून आत्ता, या वेळी निघालं होतं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “नाही, जाऊ दे त्याला. किती दिवस अडकवून ठेवायचं पोराला तुमच्या इंग्रजीत?”

मेहुणा गेला. जाताना निळी चादर घेऊन गेला.

सरांना खोली परत मिळाली. त्यांनी सोफा झटकला, खिडकी उघडली, शब्दकोश कुणाचाही अंगठा न उचलता काढला आणि ‘टेक’ हे नवं क्रियापद लिहायला घेतलं. इंग्रजी भाषेचा खरा आधार ‘टेक’च आहे, हे त्यांना एव्हाना दिसू लागलं होतं. खरी वाक्यं तेवढी दिसत नव्हती. घर इतकं शांत होतं की घड्याळ ऐकू येई. सरांनी लिहिलं: मी चहा घेतो. मी पुन्हा चहा घेतो. माझी पत्नी छत्री घेते आणि कामावर जाते. मी खोली परत घेतली आहे.

शुक्रवारी पुरवणीच्या बाईंचा फोन आला. “सर, हे काय पाठवलंत?”

“‘टेक’.”

“ते कळलं. मेहुणा कुठेय?”

“त्याला नोकरी लागली.”

“तुम्ही लागू दिलीत?” बाई शोकसभेतल्या आवाजात म्हणाल्या. “बरं, तुम्हाला उद्या सकाळपर्यंत वेळ देते. तेवढ्यात काही झालं तर झालं. नाहीतर मालकांच्या मुलाला मी काय सांगू? लेखक चहा घेतोय म्हणून?”

एखादी थाप मारता आली असती. मेहुणा अजून सोफ्यावर आहे असं लिहिलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. सर टेबलाशी बसले, पेन उचललं, आणि त्यांना ती भिंत दिसली, आणि भिंतीवर नसलेलं मांजर दिसलं. त्यांनी पेन ठेवलं, चपला घातल्या आणि चौकात गेले.

गादीच्या दुकानासमोर गर्दी होती. काचेत, दुहेरी गादीवर मेहुणा झोपला होता. पाय पूर्ण आत. चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्या दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. एक गृहस्थ जांभई देत आत शिरले. सर वाट बघत थांबले. झोप संपली, मेहुणा उठला, काचेतून लोकांना नमस्कार केला आणि बाहेर आला.

“भावोजी! ताई कशी आहे?”

“बरी आहे. मी काय म्हणत होतो, शनिवार-रविवार घरी का येत नाहीस? सोफा आहेच. मोकळाच असतो.”

मेहुण्याने फार प्रेमाने मान हलवली. “शनिवार-रविवारच खरा धंदा. जादा झोपा असतात. आणि खरं सांगू, त्या सोफ्यावर आता मला झोप यायची नाही. सवय मोडली.” मग त्याने सरांकडे निरखून पाहिलं. “तुम्ही मात्र दमलेले दिसता. डोळ्यांखाली काळं आलंय. जरा पाठ टेका.”

“छे, मला लिहायचंय.”

“दोन मिनिटं. माझी पुढची झोप साडेतीनला आहे, तोवर गादी मोकळीच आहे. चपला काढा फक्त, मालक ओरडतात.”

सरांनी नको नको म्हणत चपला काढल्या. गादीवर आधी बसले. मग एक कोपर टेकलं. पुढचं त्यांना आठवत नाही.

जाग आली ती बायकोच्या आवाजाने. दवाखान्यातून सुटून घरी जाताना तिने गर्दी पाहिली होती, आणि भाऊ बघायला मिळेल म्हणून पुढे घुसली होती. आता ती गादीपाशी उभी होती, खांद्याला पर्स.

“अहो. उठा. लोक बघताहेत.”

सरांनी डोळे उघडले. काचेपलीकडे अख्खा चौक उभा होता. सगळ्यात पुढे सलूनवाला, गळ्यात अजून गिऱ्हाइकाचा टॉवेल. गादीवाले बाजूला हात जोडून उभे, चेहऱ्यावर भक्तिभाव.

“साडेतीनची माझी झोप चुकली,” मेहुणा कौतुकाने म्हणाला. “पण भावोजींना उठवायला कुणाचा जीव होईना.”

घरी येताना बायको पुढे पुढे चालत होती. जिना चढताना मात्र तिचे खांदे हलायला लागले, आणि दारापाशी ती भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. “तोंड उघडं होतं तुमचं,” ती म्हणाली. “दवाखान्यातला कुठला पेशंट इतका मोठा आ करत नाही.” सरांनाही हसू आलं. तिने दोघांसाठी चहा केला आणि सर लिहीत असताना पहिल्यांदाच समोर बसून राहिली. मधूनच म्हणे, “घोरण्याचं घाला. खरं आहे ते.”

सरांनी सगळं घातलं. मी चपला काढल्या. मी एक डुलकी घेतली. ती डुलकी पूर्ण दुपार घेऊन गेली. माझ्या पत्नीने मला घरी नेलं. प्रत्येक वाक्यात ‘टेक’ होतं आणि प्रत्येक वाक्य खरं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी मजकूर पाठवला तेव्हा नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना बरं वाटत होतं.

रविवारी ते छापून आलं. सोमवारी सलूनवाल्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. “मेहुण्याचं मार्गी लागलं,” तो काळजीने म्हणाला, “पण सर, आता तुमचं कसं होणार?” मागच्या बाकावर यावरून दोन तट पडले होते.

दुपारी पुरवणीच्या बाईंचा फोन आला. “अभिनंदन सर. सदर राहतंय. वर्षभर.”

सर खुर्चीत ताठ बसले. “मला वाटलंच होतं. वाचकांना खरं वाक्य बरोबर कळतं. भाषा शिकायची भूक आहे समाजात.”

“हो, ते आहेच,” बाई म्हणाल्या. “गादीवाल्यांनी तुमच्या खालची जागा वर्षभर जाहिरातीसाठी घेतलीय. वर काहीतरी छापावं लागतं.”